अपघात केव्हा संपतो?

(अवसरी बुद्रुक येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



29 ऑक्टोबर 1987. पहाटेचे तीन वाजलेले. पुण्याकडून बंगळूरच्या दिशेने निघालेला पेट्रोलचा टँकर सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ आला. आपल्या शेजारचं शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई नव्हे, हे महामार्गावरचं कवठे. समोरून आलेल्या ट्रकशी त्याची टक्कर झाली, टँकर रस्ता सोडून खाली गेला आणि कलंडला. आतलं पेट्रोल गळायला लागलं, शेजारच्या सखल जागेत साचायला लागलं. हळूहळू उजाडलं. महामार्गावर गाडी पडली की जे होतं ते झालं, लोक जमले. सव्वासातच्या सुमारास टँकरचा स्फोट झाला. जमलेली बरीच माणसं भाजली, त्यांतली काही दगावली. गेलेल्यांत एका आईचा मुलगा होता. त्या आईने साताऱ्याच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज केला.

त्या वेळच्या मोटार वाहन कायद्यात 1982 साली एक कलम आलेलं होतं. अपघातात माणूस गेला तर चूक कुणाची हा वाद बाजूला ठेवून पंधरा हजार रुपये लगेच द्यायचे, कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात हजार. आईने पहिल्यांदा मागितले ते हे पंधरा हजार. आणि ते मिळायला तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

समोरच्यांचं म्हणणं काय होतं ते नीट ऐका, कारण तेच म्हणणं आजही प्रत्येक भाजलेल्या माणसाच्या तोंडावर फेकलं जातं. ते म्हणाले, अपघात झाला पहाटे तीनला, तो तेव्हाच संपला. सव्वासातला जी आग लागली ती वेगळी गोष्ट. पडलेला टँकर काही रस्त्यावर चालत नव्हता, मग त्याच्या वापराचा आणि आगीचा संबंध काय? शिवाय जमलेली माणसं पेट्रोल काढून नेत होती, आग त्यातूनच लागली. म्हणजे मेलेल्या पोराच्या आईला आधी हे सिद्ध करायचं होतं की तिचा मुलगा चोर नव्हता. साताऱ्याच्या प्राधिकरणाने अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि रक्कम देववली. टँकरमालक तिथेही थांबले नाहीत, प्रकरण दिल्लीला गेलं. जुलै 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने कौल दिला. पेट्रोलसारखा भडका घेणारा माल वाहणारा टँकर टकरीने कलंडतो, त्यातून पेट्रोल गळतं, आणि त्या पेट्रोलला आग लागते. ही एकातून एक निघालेली साखळी आहे, मध्ये चार तास गेले म्हणून ती तुटत नाही. गाडी चालू नाही, मोडून पडली आहे, एवढ्याने तिचा वापर संपला असंही होत नाही. आज भारतातल्या कुठल्याही न्यायालयात मोटारीच्या अपघातातून लागलेल्या आगीचा दावा उभा राहिला की वकील या सातारा जिल्ह्यातल्या निकालाचा दाखला देतात.

मला या निकालातली एकच गोष्ट आज तुमच्यापुढे मांडायची आहे. अपघात केव्हा संपतो, हा प्रश्न भरपाईच्या प्रत्येक लढाईच्या मुळाशी असतो. नुकसान करणाऱ्याला तो लवकरात लवकर संपलेला हवा असतो. आणि दुर्दैवाने भाजलेल्या माणसाच्या घरच्यांनाही तसंच वाटतं. आठवड्याभरात, पंधरवड्यात, दहाव्या-तेराव्याच्या आत हिशेब मिटवायची घाई होते. मी वकिली करतो ती याच भागात. भाजल्याची जी प्रकरणं माझ्यापर्यंत येतात, त्यांतली बहुतेक मिटवून झाल्यावर येतात.

मिटवामिटवी कशी होते ते तुम्हाला मी सांगायला नको. माणूस अजून ससूनच्या जळीत कक्षात असतो. बाहेरच्या बाकावर बायको किंवा आई बसलेली असते, दोन रात्रींची झोप नसते. गावातले चार शहाणे आणि ज्याच्याकडून झालं त्याची माणसं येतात. बोलणं गोड असतं. दवाखान्याचं सगळं आम्ही बघतो, वरती अमुक रक्कम देतो, पोलिसांत कशाला जाता, कोर्टात आयुष्य जाईल. पाचशेच्या स्टॅम्पवर कागद आधीच लिहून आणलेला असतो: घडलेला प्रकार अनवधानाने घडला, आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, भविष्यात कोणतीही मागणी करणार नाही. खाली सही किंवा अंगठा. साक्षीदार म्हणून आपल्याच भावकीतला कुणीतरी. पैसे देणाराही बऱ्याचदा वाईट माणूस नसतो, हे मी मुद्दाम सांगतो. तोही घाबरलेला असतो. पण त्या दिवशी नुकसान किती झालं हे त्या बाकावर बसलेल्यांपैकी एकालाही ठाऊक नसतं. डॉक्टरांनासुद्धा नसतं.

भाजण्याचं हे वैशिष्ट्य इतर कुठल्याही जखमेत नाही. हाड मोडलं तर एक्स-रेमध्ये दिसतं आणि सहा-आठ आठवड्यांत अंदाज येतो. भाजलेल्याचं तसं होत नाही. डॉक्टर आधी शरीराचा किती भाग भाजला ते मोजतात. डोकं-मान 9 टक्के, एकेक हात 9, छाती-पोट 18, पाठ 18, एकेक पाय 18. ज्याची जखम आहे त्याचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण 1 टक्का. पण हा आकडा जीव वाचेल की नाही हे ठरवायला आहे, पुढचं आयुष्य कसं जाईल ते त्यातून कळत नाही. हाताच्या पंजाला आग लागली तर टक्केवारीत तो दोन-अडीच टक्क्यांच्या वर जात नाही, आणि त्या पंजावर सगळं घर चाललेलं असतं. खोल भाजलेली जागा भरून येताना कातडी आवळते. कोपराच्या आतल्या बाजूला, मानेला, बोटांच्या सांध्यांना हे आवळणं महिनोन् महिने चालू राहतं. घरी आणलेली मुलगी बरी दिसते, आणि सहा महिन्यांनी तिचा हात डोक्यापर्यंत जात नाही, वेणी घालायला दुसऱ्या कुणाला बसवावं लागतं. मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा आवळणं, पुन्हा शस्त्रक्रिया. वाढत्या वयाचं मूल असेल तर हाड वाढतं आणि व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून मोठं होईपर्यंत टप्प्याटप्प्याने टेबलावर न्यावं लागतं. दाबाचे तंग कपडे वर्ष-वर्ष घालावे लागतात, आपल्या उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणं म्हणजे काय हे ज्याने घातले त्यालाच माहीत. उन्हात राबता येत नाही, कारण व्रणाच्या कातडीला घाम नीट येत नाही आणि अंग तापतं. शेतमजुरी करणाऱ्या बाईचा रोजगार इथेच संपतो. यातलं काहीही त्या स्टॅम्पपेपरवर नसतं.

भोपाळचं उदाहरण देतो. तिथे आग नव्हती, विषारी वायू होता, पण तत्त्व हेच. डिसेंबर 1984 मध्ये वायू सुटला आणि फेब्रुवारी 1989 मध्ये सरकारने कंपनीबरोबर 47 कोटी डॉलरवर तडजोड केली. तेव्हा धरलेले मृतांचे आणि जखमींचे आकडे पुढे कितीतरी वाढले. जास्त रक्कम मिळावी म्हणून 2010 मध्ये सरकार स्वतः पुन्हा न्यायालयात गेलं. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी नाकारली. एकदा हिशेब बंद केला होता, तो उघडायला तयार नाही म्हणून. भारत सरकारची जिथे ही गत, तिथे आपण बाकावर बसून केलेल्या सहीचं काय होईल याचा विचार करा. असा कागद झाला म्हणजे सगळं संपलं असं मात्र समजू नका. अज्ञान मुलाच्या वतीने, दावा दाखल झाल्यावर तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि दबावाखाली, पुरती माहिती नसताना झालेल्या कागदाला आव्हान देता येतं. पण ते आव्हान देण्यात जी वर्षं जातात ती वाचवता आली असती.

आता विजेकडे येतो, कारण आपल्या भागात हा सगळ्यात मोठा धोका आहे. पारगावला भीमाशंकर साखर कारखाना आहे, आजूबाजूला ऊस आहे, उसावरून तारा गेल्या आहेत. पाळीप्रमाणे रात्रीचं पाणी धरायला माणसं जातात, वर बिबट्याची भीती, हातात बॅटरी. लोंबकळणारी तार अंधारात दिसत नाही. रस्ता ओलांडून जाणारी लघुदाबाची तार जमिनीपासून किमान 5.8 मीटर उंच हवी, असा नियम आहे. आपल्या शिवारातल्या किती तारा त्या उंचीवर आहेत ते तुम्ही रोज पाहता. आणि विजेने भाजलेली जखम फसवी असते. तळहातावर एक छोटा काळा डाग, टाचेला दुसरा. घरच्यांना वाटतं वाचला. वीज मात्र आतून, स्नायूंमधून, रक्तवाहिन्यांमधून गेलेली असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात काढायची वेळ येते. शॉक लागलेला माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याला त्याच दिवशी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेऊन तपासून घ्या.

विजेच्या बाबतीत कायदा पीडिताच्या बाजूने फार ठाम उभा आहे. मध्य प्रदेशात ऑगस्ट 1997 मध्ये एक कामगार सायकलवरून घरी निघाला होता. रस्त्यावर पावसाचं पाणी होतं, त्यात जिवंत तार पडलेली होती. तो गेला. वीज मंडळाने सांगितलं, आमची चूक नाही, कुणीतरी आकडा टाकून वीज चोरत होतं, ती तार त्याची. जानेवारी 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव मोडून काढला. वीज ही जात्याच धोक्याची वस्तू आहे, ती खेळवणाऱ्याने ती कुणाच्या अंगावर येणार नाही याची जबाबदारी घेतलीच पाहिजे, मधल्या तिसऱ्याच्या कृत्याकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. इंग्लंडमध्ये तलावाचं पाणी फुटून शेजारच्या खाणीत शिरलं, त्या खटल्यातल्या 1868 सालच्या निकालापासून हे तत्त्व चालत आलं आहे, आणि दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातल्या वायुगळतीनंतर 1986 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी कडक केलं. तेव्हा तुमच्या गावात कुणी म्हणालं की तार वाऱ्याने तुटली, माकडाने तोडली, कुणाच्या आकड्याने तुटली, मग कंपनी काय करणार, तर हा निकाल त्याला सांगा.

पानिपतचा एक चार वर्षांचा मुलगा 2011 साली घराच्या छतावर विजेच्या तारेला लागला. दोन्ही हात आणि एक पाय गेला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी 60 लाख रुपये दिले, खंडपीठाने ते निम्म्यावर आणले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 60 लाख पुन्हा कायम केले. त्या मुलाला आयुष्यभर सांभाळायला माणूस लागणार, कृत्रिम अवयव दर काही वर्षांनी बदलावे लागणार, हे सगळं त्यात धरलं गेलं. हाच फरक आहे: अपघात त्या दिवशीच संपला असं धरून केलेला हिशेब, आणि तो त्या मुलाबरोबर मोठा होणार आहे असं धरून केलेला हिशेब.

पण विजेच्या प्रकरणात पुरावा सगळ्यात लवकर नाहीसा होतो. सकाळी तार तुटते, दुपारी वायरमन येतो, तार जोडतो, लाइट चालू करतो. गावालाही लाइट हवी असते, त्यात वायरमनचा दोष नाही. संध्याकाळी डीपीपाशी जाऊन पाहिलं तर काही झालंच नाही असं दिसतं. म्हणून तार जोडण्याआधी फोटो काढा. दोन्ही खांब, तारेचं टोक, जमिनीवरची करपलेली जागा, आणि खांबावरचा नंबर. विद्युत निरीक्षकाला कळवणं आणि त्याने चौकशी करणं ही 2003 च्या वीज कायद्यात सांगितलेली गोष्ट आहे, त्याच्या अहवालाची प्रत मागा. ग्रामपंचायतीने किंवा शेतकऱ्याने यापूर्वी तारेबद्दल अर्ज दिला असेल तर त्याची पोहोच सोन्यासारखी जपा. गावातल्या प्रत्येक लोंबत्या तारेबद्दल आजच लेखी अर्ज द्यावेत अशी माझी सरपंचांना हात जोडून विनंती आहे. तार वर जाईलच असं मी सांगत नाही, पण कंपनीला माहीत होतं हे त्यातून सिद्ध होतं.

यापेक्षाही नाजूक पुरावा म्हणजे पहिला जबाब. भाजलेला माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर विचारतात, कसं झालं? आणि घरचं माणूस घाबरून सांगतं, चुकून भाजलं. स्टोव्हचा भडका झाला. हातातून पडलं. पोलीस नकोत म्हणून, मालकाकडची नोकरी जाईल म्हणून, सुनेच्या बाबतीत तर आणखी कितीतरी कारणांनी. ते एक वाक्य केसपेपरवर जातं, एमएलसीत म्हणजे वैद्यकीय-न्यायिक नोंदीत जातं, पोलिसांच्या जबाबात जातं, आणि दोन वर्षांनी न्यायालयात विमा कंपनीचा वकील तोच कागद हातात धरून उभा राहतो. मग तुम्ही कितीही सांगा की रेग्युलेटर खराब होता, तार तुटलेली होती, काहिलीला कठडा नव्हता. खोटं सांगू नका, वाढवून सांगू नका, फक्त जे झालं ते सांगा. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. बायांच्या जळण्याच्या बाबतीत मला अधिक बोलायचं होतं, पण तो फौजदारी गुन्ह्याचा, हेतूचा विषय आहे, आजचा विषय निष्काळजीपणाचा आहे. एवढंच म्हणतो की स्टोव्हचा भडका ही आपल्या समाजाने वर्षानुवर्षं चालवलेली एक सोय आहे, आणि तिच्यामुळे खरोखर खराब वस्तूने भाजलेल्या बाईवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

गुऱ्हाळावर, बेकरीत, वेल्डिंगच्या शेडमध्ये कामावर असताना भाजलेल्या कामगाराला तर मालकाची चूक सिद्ध करायचीही गरज नाही. 1923 सालच्या कायद्याने हा हक्क आला आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. उकळत्या रसाची काहिल उतरवताना पाय घसरला की तो गरम पाक अंगाला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही, म्हणून जखम खोल जाते. चुलवाणापाशी काम करणारे आता बरेचदा परप्रांतातले असतात. भाजले की त्यांना गाडीभाडं देऊन गावी पाठवतात. हे आपल्या तालुक्याला शोभणारं नाही.

घरच्या गॅसबद्दल बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट सांगतो. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा उतरवलेला असतो, त्याचा हप्ता तुम्ही भरत नाही. सिलिंडरच्या दुर्घटनेत मृत्यूला 6 लाख, आणि दवाखान्याच्या खर्चाला माणशी 2 लाखांपर्यंत अशी ती सोय आहे. वितरकाला लगेच लेखी कळवावं लागतं. दुर्घटनेनंतर सिलिंडर, रेग्युलेटर, नळी कुणी उचलून न्यायला आलं तर पंचनामा झाल्याशिवाय देऊ नका. नळी पाच वर्षांनी बदलल्याची पावती असेल तर ती जपा, नाहीतर सगळी चूक तुमच्याच गळ्यात येते.

रक्कम कशी ठरते, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना वाटतं की डॉक्टरांनी दिलेल्या अपंगत्वाच्या टक्क्यावर ठरते. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने हे फार छान उलगडून सांगितलं. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेल्या ड्रायव्हरचा धंदाच गेला, तोच हात गेलेला कारकून कदाचित नोकरीत राहील. म्हणून न्यायालयाने पाहायचं असतं ते हे, की हा माणूस आधी काय काम करत होता आणि आता काय करू शकतो. कांद्याची रोपं लावणाऱ्या बाईची बोटं वाकत नसतील, तर प्रमाणपत्रावर 20 टक्के लिहिलेलं असो, तिची मजुरी शंभर टक्के गेली. शेजारी ज्यांच्याकडे ती कामाला जायची त्यांनी येऊन हे साक्षीत सांगावं लागतं. त्याखेरीज वेदना, विद्रूपता, लग्न न जमणं, पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्च, सांभाळायला बसलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळं वेगवेगळं मागता येतं. न मागितलं तर बऱ्याचदा मिळत नाही.

घरात राबणाऱ्या बाईची कमाई किती धरायची, हा प्रश्न एका भीषण आगीतूनच न्यायालयापुढे आला, आणि त्याच्या निवाड्यात आपल्या शेजारच्या मातीतल्या एका माणसाचा वाटा होता. 3 मार्च 1989 रोजी जमशेदपूरला टाटांच्या संस्थापक दिनाचा सोहळा चालू असताना मांडवाला आग लागली. 60 माणसं गेली, त्यांत 26 मुलं आणि 25 बायका. 113 जखमी. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई ठरवण्याचं काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवलं. खेड तालुक्यातल्या कनेरसरचं हे घराणं. त्यांनी नोकरी न करणाऱ्या गृहिणींच्या श्रमाचं मोल वर्षाला 10 ते 12 हजार धरलं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा कमी ठरवला आणि 34 ते 59 वयाच्या गृहिणीसाठी महिना 3 हजार, म्हणजे वर्षाला 36 हजार धरा असं सांगितलं. आज हा आकडा फारच तोकडा वाटतो, आणि पुढच्या निकालांनी तो वाढवलाही. पण तोपर्यंत बाई कमावत नाही म्हणून तिच्या जाण्याची किंमत नगण्य, असं मानणाऱ्यांना उत्तर मिळालं. चंद्रचूडांच्या विद्वत्तेबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरी मला वाटतं की पहाटे चारला उठणाऱ्या बाईच्या दिवसाचा हिशेब मांडायला न्यायालयांनी फार उशीर लावला.

आता मुदती सांगतो आणि थांबतो. मोटारीच्या अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा, हे बंधन एप्रिल 2022 पासून परत आलं आहे, ती मुदत धरूनच चाला. तो दावा जिथे तुम्ही राहता तिथल्या प्राधिकरणाकडेही करता येतो, कवठ्याला अपघात झाला म्हणून साताऱ्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम आता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षं. वीज कंपनीविरुद्ध दिवाणी दावा करायचा तर मृत्यूनंतर दोन वर्षं, जखमेसाठी साधारण तीन. लहान मुलाची मुदत तो सज्ञान होईपर्यंत थांबते, पण साक्षीदार थांबत नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतले 2 लाख घेतले म्हणून कंपनीविरुद्धचा दावा जात नाही, ती शासनाची मदत आहे, ही नुकसानीची भरपाई. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला तरी भरपाईचा दावा स्वतंत्रपणे चालतो, कारण दोन्हीकडे पुराव्याची पातळी वेगळी आहे. फीची चिंता असेल तर घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो.

आणि समोरचा माणूस मनापासून मदत करतोय, त्याचे पैसे घ्यावे का? जरूर घ्या, दवाखान्याचं बिल थांबत नाही. फक्त पावतीवर एवढंच लिहा की उपचारासाठी अमुक रक्कम मिळाली, तारीख, सही. पुढची मागणी सोडल्याचं एक अक्षर त्यावर येऊ देऊ नका. शेवटची रक्कम ठरवायची ती डॉक्टर लिहून देतील की आता व्रण स्थिरावले, आता आणखी शस्त्रक्रिया लागणार किंवा लागणार नाहीत, त्यानंतर. त्याला वर्ष लागो, दोन वर्षं लागोत. मुदत संपत आली असेल तर दावा दाखल करून ठेवा, पुढच्या उपचारांचे कागद मागाहून जोडता येतात.

कार्यकर्त्यांनी कालपासून गावात सांगून ठेवलं आहे, त्याप्रमाणे ज्यांच्या घरी असं प्रकरण आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर इथेच थांबावं. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, पंचनाम्याची प्रत, जे असेल ते दाखवा. स्टॅम्पपेपरवर सही झालेली असली तरी तो कागद लपवू नका, घेऊन या. मूळ कागद माझ्याकडे देऊ नका, इतर कुठल्या वकिलाकडेही सोडू नका, झेरॉक्स द्या. आणि भाजलेल्या माणसाचे पहिल्या दिवसापासूनचे फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये असतील तर ते आज रात्रीच दुसऱ्या एका मोबाइलवर पाठवून ठेवा.